उजव्या बाजूचं स्टूल

कात्रजच्या मागं, आंबेगावात, रंगराव सुताराशी बोलायचं असेल तर आधी त्याच्या हातात काय आहे ते बघायची रीत होती. हातात पेन्सिल असेल तर बोलावं, हातोडी असेल तर चहा पिऊन यावं. कोथरूडच्या एका साहेबांनी कपाटाची कड ‘जराशी वाकडी’ असल्याचं बोट दाखवून सांगितलं, तर बोट खाली यायच्या आत लाकूड तासायची पटाशी त्यांच्या कानाजवळून जाऊन दारात रुतली. साहेब पुन्हा फिरकले नाहीत. कपाट मात्र मागवून घेतलं, कारण कड सरळच होती. ओली प्लाय आणली म्हणून एका टेम्पोवाल्याचा दात त्यानं पाडला होता. बायकोवर आपण कधी हात उगारला नाही, हे तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा. मथुराबाई ते ऐकून घ्यायची आणि भांडी जोरात आपटायची. घरातल्या दोन दारांना भगदाडं कशी पडली, हे तिला कुणी विचारत नसे.

सगळ्यात जास्त मार खाल्ला तो धाकट्या भावानं, उत्तरेश्वरनं. वडील लवकर गेले, तेव्हा रंगरावनंच त्याला रंधा धरायला शिकवलं, कानाखाली वाजवत वाजवत. पोरगा शिकला मात्र असा, की राउटर हातात घ्यावं तर त्यानंच. राउटर म्हणजे दोन्ही मुठींनी घट्ट धरून लाकडावर फिरवायचं यंत्र. खाली बोटाएवढं धारदार पातं गरगरत असतं, त्यानं कडा गोल होतात, नक्षीच्या खाचा पडतात. यंत्र सारखं ओढ घेतं, पकड ढिली पडली की संपलं. उत्तरेश्वरची पकड कधी ढिली पडली नव्हती.

पडली ती एकदाच. पत्र्याच्या शेडमध्ये एका गिऱ्हाइकाच्या घराच्या मुख्य दारावर तो नक्षी काढत होता आणि रंगराव मागून कशावरून तरी शिव्या घालत होता. कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही. उत्तरेश्वरनं मान वळवली, यंत्र घसरलं आणि दारावर हातभर लांबीचा खोल चरा पडला. यंत्र बंद करून त्यानं उजवा हात त्या चऱ्यावर ठेवला. रंगरावनं शेजारची, पटाशी ठोकायची लाकडी मोगरी उचलली आणि त्या हातावर घातली. मग पुन्हा घातली. पहिला घाव रागाचा होता असं म्हणता येईल. दुसऱ्याला काय म्हणायचं, हे रंगरावला अजून ठाऊक नाही.

डॉक्टरांना उत्तरेश्वरनं सांगितलं, फळी पडली. प्लास्टर निघालं तेव्हा मधली दोन बोटं मिटेनात. चहाचा कप धरता येई, राउटर नाही. तो शेडमध्ये यायचा बंद झाला. शेजारच्या खोलीत दिवसभर फोन बघत पडून राही आणि मोठ्या भावाशी एक अक्षर बोलत नसे. रंगराव एकटाच काम ओढायचा. दुसऱ्या राउटरचा आवाज नाही म्हणून शेड त्याला खायला उठायची. भाऊ परत यावा, एवढं एकच त्याला हवं होतं. पण ‘माफ कर’ हे शब्द त्याच्या तोंडात बसत नव्हते. घरी सराव करून बघितला, तेव्हा मथुराबाई म्हणाली, “शिवी दिल्यागत वाटतंय.”

मग त्यानं जे येत होतं ते करायला घेतलं. लोणी काळभोरच्या एका कारखान्यात त्यानं लांबून एक टेबल बघितलं होतं. यंत्र टेबलाखाली उलटं टांगलेलं, पातं फक्त वर आलेलं. यंत्र धरायचंच नाही, लाकूड पुढं सरकवायचं. त्याला तळहात पुरतो, मूठ लागत नाही. रंगरावनं ते चरा पडलेलं दार आडवं केलं. घेणाऱ्यानं नाकारलेलं ते दार तेव्हापासून भिंतीला टेकून उभं होतं. त्यातून टेबलाएवढा तुकडा कापला, चऱ्यासकट. मधोमध चौकोन काढून ॲल्युमिनियमची जाड प्लेट बसवली आणि तिला खालून राउटर टांगलं. पातं वरखाली करायला भंगारातला मोटारीचा जॅक लावला. बटण पायाशी ठेवलं. उंची भावाच्या कोपराला यावी म्हणून त्याचा जुना सदरा मथुराबाईकडून मागून घेतला आणि खांद्यापासून कोपरापर्यंत मोजला.

लाकूड टेकवून सरकवायची आडवी पट्टी पहिल्यांदा केसभर वाकडी आली. ती त्यानं गुडघ्यावर मोडली आणि गुडघा सुजवून घेतला. प्लेट दारापेक्षा किंचित वर राहिली, तेव्हा ती त्यानं शेडच्या पत्र्यावर भिरकावली. मग जाऊन उचलून आणली आणि कानस घेऊन घासत बसला. आपणच फेकलेली वस्तू उचलायला रंगराव आयुष्यात पहिल्यांदा वाकला असावा.

टेबल झाल्यावर मथुराबाई दिराला घेऊन आली. रंगरावनं त्याच्यासाठी टेबलाच्या उजव्या टोकाशी स्टूल ठेवलं होतं. उत्तरेश्वर बसला. दारावरचा चरा त्यानं ओळखला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. रंगरावनं सागवानाची फळी घेतली आणि डाव्या बाजूनं पट्टीला टेकवली.

“दादा, फळी तिकडनं न्हाई...”

“गप बस. आधी मी चालवतो, मग तुझं शहाणपण.”

उत्तरेश्वर उठला, स्टूल उचललं आणि भिंतीकडेला नेऊन ठेवलं. रंगरावनं ते बघितलं, पण त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

त्यानं बटण दाबलं. हातातलं राउटर डावीकडून उजवीकडं न्यायचं, हे वळण त्याच्या हाडात मुरलेलं. पण यंत्र उलटं टांगलं की पात्याचं फिरणंही उलटं होतं, आणि लाकूड उजवीकडून द्यावं लागतं. डावीकडून दिलं की पातं ते हिसकावून फेकतं. पात्यानं फळी हिसकावली. ती गोळीसारखी सुटली आणि मघाशी स्टूल होतं त्या जागेवरून जाऊन उजवीकडचा पत्रा फाडून अडकली. फळी ढकलणारा डावा हात मोकळा झाला आणि पात्यावर गेला. दोन बोटांची पेरं उडाली. आवाज ओलं लाकूड कापल्यासारखा आला. मथुराबाईच्या तोंडावर रक्त उडालं. उत्तरेश्वरनं धावत येऊन लाथेनं बटण बंद केलं, सदरा काढला आणि भावाचा हात आवळून बांधला. त्या ताठ बोटांनी गाठ बसेना, म्हणून दातांनी ओढली.

दवाखान्याकडं जाताना रिक्षात रंगराव बांधलेला हात छातीशी धरून बसला.

“तू स्टूल हलवलंस,” रंगराव म्हणाला.

“हलवलं.”

“म्हंजी तुला म्हाईत व्हतं.”

“घरी बसून फोनवर तेच तर बघत हाय. असं टेबल करू, म्हणून सांगणार व्हतो तुला. आज सांगाय गेलो, तर तू गप बस म्हणलास.”

रंगरावचा धड हात सवयीनं वर आला. उत्तरेश्वरनं मान बाजूला घेतली नाही, तसाच बघत राहिला. रिक्षावाला आरशातून बघत होता. हात तसाच थोडा वेळ राहिला आणि रंगरावच्या मांडीवर परत आला. त्याला भावाचा राग आला होता, आणि पहिल्यांदाच त्या रागाला मारायला जागा सापडत नव्हती.

जखम भरत आली तेव्हा एका दुपारी शेडमधून राउटरचा आवाज आला. रंगराव गेला. उत्तरेश्वरनं पात्यावरचं वाळलेलं रक्त घासून काढलं होतं, पट्टी नव्यानं बसवली होती. समोर माणसाहून उंच फळी होती, एकट्याला न पेलणारी. त्यानं यंत्र बंद केलं. रंगराव उंबऱ्याशी थांबला. या शेडमध्ये कुणी कुठं बसायचं, हे आजवर तोच सांगत आला होता.

“मी कुठं बसू?” त्यानं विचारलं.

उत्तरेश्वरनं ताठ बोटांनी भिंतीकडचं स्टूल दाखवलं, मग टेबलाचं उजवं टोक दाखवलं. “तिथं. फळीचं टोक धर.”

रंगरावनं उजवीकडच्या फाटक्या पत्र्याकडं बघितलं. भोकातून ऊन आत आलं होतं. त्यानं स्टूल उजव्या टोकाशी नेलं, बसला आणि फळी कुठल्या बाजूनं जाणार हे न विचारता हात पुढं केला. उत्तरेश्वरनं पायानं बटण दाबलं.