आंबाडीच्या पाण्याने सुटलेली जट

धाकट्या बहिणीच्या डोक्यात जट आली असा निरोप आला आणि मी तशीच अकोल्याहून निघाले. जट म्हणजे देवीची खूण. मग केस विंचरायचे नाहीत, नवऱ्याजवळ जायचं नाही, जन्मभर परडी घेऊन देवीच्या नावानं फिरायचं. शांताच्या लग्नाला धड वर्षही झालं नव्हतं हो! देवीला नाही म्हणायची माझी छाती नाही, पण बहीण अशी हातची जाऊ द्यायलाही मन तयार होईना.

शांताचं सासर किन्हीराजाला. तिकडे जाणार असाल तर सकाळचीच मोटार धरा. कंडक्टर हल्ली नव्या पैशांत भाडं मागतो आणि आपण आण्यांत मोजत बसतो, म्हणून सुटे जवळ ठेवा. मंगरूळपीरपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे शेलूबाजारपर्यंत नुसती धूळ. बाजाराच्या दिवशी तिथे गरम भजी मिळतात आणि किन्हीराजाकडे परतणाऱ्या बैलगाड्याही. गुंतलेले केस कशानं सुटतील, म्हणून मी एका दुकानदाराला विचारलं.

"रिठे न्या."

"शिकाकाई?"

"ते बी न्या."

"आणि साबण?"

"मंग साबण न्या ना बाई! मले कायले इचारता?"

तिन्हींत फरक काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. रिठे घेतले. साबणाची वडी पिशवीत होतीच. तसलीच वडी शांताच्या नवऱ्यानं हौसेनं तिला आणून दिली होती.

शांता ओसरीत चटईवर बसली होती. केसांचा चिकट गोळा झालेला, त्यावर हळदकुंकू. तिची सासू दुधाचा पेला घेऊन आली आणि चक्क सुनेच्या पाया पडली! मी पुढे होऊन त्या गोळ्याला हात लावायला गेले.

"हात नोका लावू बाई," सासू म्हणाली. "शुक्रवारी परडी भरून देतो तिची."

"पण मावशी, अशी एकाएकी कशी आली जट?"

"आता देवीले इचारू का, काहून आली म्हनून?"

मी शांताकडे वळले. "तुला काय वाटतं गं?"

"मले काई समजून नाई राह्यलं, ताई," ती म्हणाली आणि दूध पिऊ लागली.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर साबणानं न्हाले. वडी घासून घासून हात दुखले, फेस काही येईना. पाण्यावर पांढरी साय तेवढी आली. केस वाळले तर डिंक लावल्यासारखे! फणी अडकली ती निघेना.

सासूच्या हातातली घागर खाली आली. "तुमाले बी?"

आली का पंचाईत! रिठ्यांनी पुन्हा न्हाले. फेस आला, पण चिकटा जाईना. सासू तिकडे आंबाडीची भाजी शिजवून तिचं आंबट पाणी ओतून देत होती. पितळ चिंचेनं लख्ख निघतं, मग डोकं का नाही निघणार? चिडूनच मी ते पाणी निववलं आणि डोक्यावर ओतलं. फणी सरळ खाली आली.

सासूनं माझे केस चाचपून पाहिले. "इहिरीच्या पान्यानं झालतं? का साबनानं? का देवीच उठून गेली?"

"मला काय माहीत, मावशी!"

तिनं देव्हाऱ्यापुढे नाक घासलं, मग आंबाडीचं पाणी आणून स्वतःच शांताच्या डोक्यावर ओतलं. कितीतरी वेळ विंचरत होती बिचारी. फणीतला गुंता तिनं फेकला नाही, देवीपुढे ठेवला. मी ढसढसा रडले.

"शांते, ऊठ आता," लगेच सासूचा आवाज आला. "जात्यापाशी दयन पडलं हाये."

दुधाचा पेला पुन्हा आला नाही. मी निघाले तेव्हा माझी पिशवी शांतानंच भरली.

"झालं ना गं मनासारखं?" मी विचारलं.

"हौ," ती म्हणाली. मग हसली. "ताई, जट होती तवा कोनी मले ऊठ म्हनत नोतं."

मला वाटलं, थट्टा करतेय.

काल घरी न्हायला बसले आणि पिशवी उघडली. रिठे होते, सासूनं दिलेली आंबाडीची जुडी होती. साबण नव्हता. रागवावं, रडावं, की ती वडी संपली की शांताला दुसरी पाठवावी, मला खरंच काही कळत नाही.