दुपट्याचा वास

आम्ही दत्तक घेत होतो ती मुलगी परदेशात एका बाईंकडे सांभाळायला होती. तिला आणायला आम्ही दोन महिन्यांसाठी जाणार होतो. चंदीगडच्या घरात बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि मी त्या बाईंवर जळत होते. व्हिडिओ कॉलवर पोरगी त्यांच्या कडेवर असायची, बोटं त्यांच्या केसांत. माझ्याकडे मात्र टीव्हीवरच्या बातम्या बघाव्यात तशी बघायची.

संस्थेने सांगितलं, तुमच्या वासाचं काहीतरी आधी पाठवा, म्हणजे मूल बिचकणार नाही. मी माझ्या जुन्या सुती साडीचं दुपटं शिवलं. बाळाच्या अंगाला लागायचं म्हणून दोनदा धुतलं, कडक उन्हात वाळवलं, इस्त्री केली आणि पाठवलं.

पुढच्या कॉलला पोरगी त्यात नाक खुपसून झोपलेली! मी नवऱ्याला ओरडून बोलावलं. "बघ, ओळखलं तिने मला!" मनीमाजऱ्याच्या बाजारातून आणलेली झबली मी भराभर बॅगेत भरायला घेतली.

तेवढ्यात त्या बाई काही बोलल्या. दुभाषी हसून म्हणाली, "दुपट्याला नुसता साबणाचा वास होता, ती घेईचना. मग या बाईच चार रात्री ते पांघरून झोपल्या. घरी नेल्यावर लगेच धुवू नका, म्हणतायत."

मी मान डोलावली. कॉल बंद झाल्यावर कपडे धुवायच्या साबणाची वडी आणली आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवली.