मामांचा निळा वाफा

इस्पितळाच्या कँटीनमध्ये मामांनी सगळी नोकरी लोकांना आग्रह करण्यात काढली. कुणी ताटावर आडवा हात धरला, तर मामा बोटांच्या फटीतून डाव रिकामा करायचे. पथ्यावरचे पेशंटही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. ते निवृत्त झाले त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी त्यांच्या हातावर कॉर्नफ्लॉवर नावाच्या निळ्या फुलांच्या बियांचं पाकीट ठेवलं आणि म्हणाल्या, "आता काय वाढायचं ते यांना वाढा."

मामांनी ते मनावर घेतलं.

घरात मामा आणि मामी दोघंच. पुढच्या खोलीत मामींचं शिवणयंत्र, आणि मागच्या दारी दोन चादरी अंथरता येतील एवढी मोकळी जागा. थंडीच्या तोंडाला मामांनी ती खणली, खत मिसळलं आणि बी पेरलं. बी मोठं गमतीचं, बुडाशी करडा दाणा आणि वर दाढीच्या ब्रशासारखे केस. पाकिटाच्या तळाशी राहिलेला चुरा त्यांनी भिंतीकडेच्या खडीवर झटकून टाकला.

रोपं वर आली आणि मामांचा हात सुटला. आज शेणखत, उद्या पेंडीचं पाणी, परवा चहाचा चोथा. झाडं पालेभाजीसारखी माजली. कळीचा मात्र पत्ता नाही.

"अहो, झाडं आहेत ती, पाहुणे नव्हेत," मामी मशीनवरूनच म्हणाल्या. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आणखी एक तांब्या ओतला.

मग एका दुपारी जरा वारा सुटला आणि सगळा वाफा आडवा झाला. मामा पायरीवर बसून राहिले. जेवायलाही उठेनात, तेव्हा मामींना खरी काळजी वाटली. तशाच त्या कपडे वाळत घालायला गेल्या आणि भिंतीपाशी थबकल्या. खडीतून दोन काटकुळी झाडं वर आली होती आणि दोन्हींवर फुलं होती. निळी, इतकी निळी की त्यांच्यापुढे दोरीवरचा मामांचा निळा सदरा विटका वाटावा.

"इथे खत काय घातलं होतं तुम्ही?"

"काहीच नाही," मामा म्हणाले.

"मग बघा."

मामा उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग निमूट आत येऊन जेवले.

पुढच्या थंडीत त्यांनी नवा वाफा केला, उन्हातल्या कोपऱ्यात, मातीत रेती आणि बारीक खडी मिसळून. बी बोटाचं अर्धं पेर खोल टाकलं. दाट उगवलेली रोपं जड मनाने विरळ केली. खत अजिबात नाही. पाणी माती सुकली तरच. हात मात्र शिवशिवत होतेच, म्हणून मामींनी खताचा डबा कापडाच्या चिंध्यांखाली दडवला. रोपं उंच झाली तेव्हा त्याच चिंध्यांनी त्यांना काड्यांचा आधार बांधला.

वाफा फुलला, आणि मामांचं नवंच खूळ सुरू झालं. फुलाला कुणी हात लावायचा नाही. शेजारीण नुसती वाकून बघायला आली, तरी हे खाकरत उभे.

एकदा मामा दात काढून घ्यायला गेले. तेवढ्यात मामींनी कात्रीने मूठभर फुलं कापली आणि मशीनशेजारी पेल्यात ठेवली. मामा परतले ते अर्धा जबडा बधिर घेऊन. पेला बघून खवळले, पण तोंडातून एक शब्द धड निघेना. मामी पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.

दोन दिवस अबोला चालला. मग मामांच्या लक्षात आलं, कापलेल्या दांड्यांच्या बगलेतून नवे फुटवे निघताहेत. आठवड्याभरात त्यांवर कळ्या धरल्या. जितकं कापावं तितकं हे झाड फुलतं म्हटल्यावर मामांना रानच मोकळं झालं. रोज सकाळी जुड्या बांधून ते गल्लीत निघू लागले. पोस्टमन, दातांचे डॉक्टर, बसचा ड्रायव्हर, कुणाची सुटका नाही. ड्रायव्हर म्हणाला, कालचीच अजून ताजी आहेत. मामांनी त्याच्या दोन्ही खिशांत एकेक जुडी खोचली.

मामींच्या पेल्याला मात्र फूल उरेना. म्हणून हल्ली मामा उठायच्या आत मामीच कात्री घेऊन मागच्या दारी जातात.