धनगराची पोर

कल्याणला दुर्गाडीच्या उतारावर, खाडीकडे तोंड केलेल्या एका कुडाच्या घरात विश्राम गणपती करायचा. आषाढ लागला की घरात पाय ठेवायला जागा नसे. ओट्यावर, माळ्यावर, चुलीच्या बाजूला शाडूचे पांढुरके देह वाळत पडलेले असत आणि त्यांच्यामधून वाट काढत त्याची बायको गोदूबाई पाणी भरायची. चतुर्थीला घर एकदम मोकळं व्हायचं. मग तेच गणपती वाजत गाजत त्याच्या दारावरून घाटाकडे जायचे आणि विश्राम ओट्यावर तंबाखू मळत ते बघायचा. आपण केलेलं पाण्यात जातं याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. ते जाण्यासाठीच केलेलं असतं. भाजलेली माती विरघळत नाही, आणि न विरघळणारा गणपती ही कामातली खोट, असं बापानं त्याला शिकवलं होतं. त्याच्या घरात भट्टी नव्हती.

मालन ही त्यांची एकुलती एक मुलगी. एकोणपन्नास सालच्या भाद्रपदात गणपती घरोघर गेले आणि त्या मोकळ्या ओट्यावर मालन दिवसभर नाचली. रात्री तिला ताप भरला. मुदतीचा आहे, उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. तो उतरला नाही. अनंत चतुर्दशीला गणपती दारावरून गेले तेव्हा ओट्यावर बघायला कोणी नव्हतं.

तिचा फोटो नव्हता. स्टेशनजवळ फोटोवाला होता. दिवाळीत नवं परकर-पोलकं शिवलं की काढू, असं ठरलं होतं.

दिवाळी झाल्यावर ठाण्याहून कैतान मास्तर आले. ठाण्याच्या ख्रिस्ती आळीत राहणारे, शाळेतून निवृत्त झालेले, घरात मराठीच बोलणारे गृहस्थ. नाताळात आपल्या जुन्या गाडीखान्यात येशूजन्माचा देखावा मांडायचा, आणि लोकांना आत नेऊन तो समजावून सांगायचा, असं त्यांनी मनात घेतलं होतं. मुंबईच्या दुकानांतल्या मूर्ती त्यांना रेल्वेच्या साहेबांसारख्या दिसत होत्या. जो गणपती करतो त्याला बाळ येशू जड जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं पडलं.

विश्रामनं काम घेतलं. मारिया माउलीचा चेहरा गौरीसारखा झाला, तिन्ही राजांना पुणेरी पगड्या आल्या, आणि उंट त्यानं कधी जवळून पाहिला नसल्यामुळे उंटांच्या डोळ्यांत हत्तीचा शहाणपणा उतरला. सोंड तेवढी राहिली, असं म्हणून मास्तर हसले. मग मूर्ती गाडीत घालताना त्यांच्या लक्षात आलं की सांगितल्यापेक्षा एक जास्त आहे. हातभर उंचीची मुलगी. एक पाय पुढे टाकलेला, केस कपाळावर आलेले, तोंड किंचित उघडं, पुढचा एक दात पडलेला. ही कोण, असं त्यांनी विचारलं. विश्राम म्हणाला, माती उरली होती.

याहून जास्त त्याला सांगताही आलं नसतं. एका दुपारी माळ्यावर हात चालत होते आणि हातांखाली मालन आली. नंतर त्यानं पुन्हा तशी करायला घेतली तेव्हा ती आली नाही. गौरीची हनुवटी यायची, गणपतीचा गाल यायचा. ती यायची नाही. पण ती घरात ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हा मालनचं नाव निघालं तरी गोदूबाई उठून परसात जायची. म्हणून ती मुलगी पेंढ्यात गुंडाळून बाकीच्यांबरोबर ठाण्याला गेली.

नाताळच्या आठवड्यात दुपार कलली की गाडीखान्याचं दार उघडायचं. सगळं ठाणं यायचं. मास्तर थोड्या थोड्या लोकांना आत घ्यायचे आणि हातातल्या छडीनं दाखवत दोरीच्या कडेकडेनं त्यांना पुढे न्यायचे. धर्मशाळेचं बंद दार. गोठा. गाय, गाढव, गव्हाणीतलं बाळ. मग डोंगरउतारावरचे मेंढपाळ, आणि तिथे ती जास्तीची मुलगी. मास्तरांच्या धर्मग्रंथात ती कुठेच नव्हती, म्हणून तिच्यासाठी त्यांनी पदरची गोष्ट घातली होती.

“आणि ही धनगराची पोर. मागे राहिली होती, म्हणून धावत आली.”

एखादं मूल विचारायचंच, “पोचली का?”

“पोचली ना. ही काय उभी.”

लोक हसायचे आणि छडी राजांकडे वळायची. राजांनंतर बाहेरचं दार. देखावा एवढाच होता.

विश्राम दरवर्षी एकटा जायचा, गोदूबाईला रंग आणायला जातो असं सांगून. मास्तरांना तो भेटत नसे. रांगेत उभा राहायचा, इतरांबरोबर आत जायचा, आणि छडी पुढे सरकली तरी जरासा तिथेच घुटमळायचा, मागचा माणूस ढकलेपर्यंत. मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याला खुर्ची टाकून बसवलं असतं. पण सांगायचं म्हणजे ती मेली हे सांगायला हवं होतं, आणि त्या गाडीखान्यात ती अजून धावत येत होती. तेवढ्या वेळात जे बघून होई ते घेऊन तो घरी यायचा आणि वर्षभर त्यावर भागवायचा. उन्हाळ्यापर्यंत ते पुसट व्हायचं. पडलेला दात डावीकडचा की उजवीकडचा, इथवर यायचं. मग पुन्हा नाताळ.

त्रेपन्न साली तो आत गेला तर जमीन पांढरी होती. मास्तरांना कुणीतरी विलायती कार्ड धाडलं होतं, त्यात गोठ्यावर बर्फ पडलेला होता. त्यांनी खाडीकाठच्या मिठागरातून मीठ आणवून सगळीकडे पसरलं होतं. दिव्यांच्या उजेडात ते चमकत होतं आणि लोक वाहवा करत होते. मालन घोट्यापर्यंत मिठात उभी होती. शाडू आहे, ओल धरेल, असं विश्रामच्या मनात आलं. बाहेर पडल्यावर सांगावं म्हणून तो थांबला. मास्तर पुढची मंडळी आत घेत होते. थोड्या दिवसांचा तर प्रश्न, असं स्वतःला सांगून तो स्टेशनकडे चालू लागला.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात एकदा गोदूबाई भाकरी थापता थापता थांबली. तव्यातून धूर यायला लागला तरी तिचा हात पिठातच होता.

“मालनच्या भुवया कशा होत्या हो?”

विश्रामला पाच वर्षांत तिच्या तोंडून ते नाव ऐकल्याचं आठवत नव्हतं. 

“तिचं तोंड येत नाही माझ्या डोळ्यांपुढं,” ती म्हणाली. “आज नाही, लई दिवस झाले. हात येतात. तापलेलं कपाळ हाताला लागतं. तोंडाच्या जागी काही नाही. आळीतल्या पोरींची तोंडं लावून बघते, बसत नाहीत.”

विश्रामनं तवा उतरवला. नाताळ येऊ दे, तुला दाखवतो, असं तो म्हणाला. कसं, कुठे, ते त्यानं सांगितलं नाही.

ते त्यानं सांगितलं नाताळात ठाण्याला जाताना, गाडीत, बोगद्यात. डब्यातला दिवा लागत नव्हता. अंधारात तिचा चेहरा दिसत नसल्यामुळे त्याला सगळं बोलता आलं. ती माळ्यावरची दुपार, तो पेंढा, ती छडी. गाडी बोगद्याबाहेर आली तेव्हा गोदूबाई खिडकीबाहेर बघत होती. दूर खाडीच्या बाजूला मिठाचे ढीग गवतानं शाकारून ठेवलेले होते.

“पाच वर्षं एकटेच बघत होता तुम्ही,” ती म्हणाली. “रंग आणायला जातो म्हणायचे. रंग कधी आणला नाही. तेव्हाच कळायला पाहिजे होतं मला.”

रांगेत तिनं दोनदा पदरानं तोंड पुसलं. दाराशी आल्यावर केसांवरून हात फिरवला.

आत मीठ नव्हतं. जमिनीवर पेंढा होता. विश्रामला हायसं वाटलं, आणि लगेच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. माउलीच्या गालावर नवा रंग होता, त्याच्या हातचा नसलेला. एका राजाची दाढी गेली होती. मेंढपाळांपैकी एकच उरला होता. गोदूबाईला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. ती दोरी धरून, टाचा उंच करून छडीच्या टोकामागे बघत चालली होती.

छडी थांबली. तिथे एक बाहुली उभी होती. बाजारात मिळते ती, सेल्युलॉइडची, गुलाबी गालांची, गोल डोळ्यांची. तिला घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलं होतं. तोंड घट्ट मिटलेलं होतं आणि भुवया बारीक कुंचल्यानं कमानीसारख्या ओढलेल्या होत्या.

“आणि ही धनगराची पोर,” मास्तर म्हणाले. “मागे राहिली होती, म्हणून धावत आली.”

“पोचली का?” पुढे उभ्या असलेल्या एका मुलीनं विचारलं.

“पोचली ना. ही काय उभी.”

लोक हसले. विश्रामनं गोदूबाईचा दंड धरला. तिला बाहेर न्यायचं, एवढंच त्याला सुचलं. पण ती दोरीवर ओणवी झाली होती, आणि सुकून दगड झालेल्या मातीत पाणी शिरावं तसं तिच्या चेहऱ्यात काहीतरी शिरत होतं.

“हीच,” ती म्हणाली. “अशीच होती. भुवया बघा हो. माझ्या कशा ध्यानात राहिल्या नाहीत?”

ही नव्हे, असं म्हणायला विश्रामनं तोंड उघडलं. पण ही नव्हे म्हटल्यावर ती कशी, हे सांगायला पाहिजे होतं. त्यानं तिथल्या तिथे मालनचा चेहरा आठवून पाहिला. समोरची बाहुली मध्ये आली. त्यानं डोळे मिटले तरी ती मध्ये आली. मागच्या माणसानं ढकललं आणि दोघं राजांपाशी गेले.

बाहेर आल्यावर गोदूबाई सरळ पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. विश्राम आवारातल्या वडाच्या पारावर बसला. चहासाठी मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांनी त्याला ओळखलं आणि हाताला धरून मागच्या पडवीत नेलं. तिथे एक लाकडी पेटी होती. तिच्या फळ्यांवर पांढरे ओघळ सुकले होते.

मास्तर खालच्या आवाजात सांगत राहिले. गेल्या नाताळानंतर मूर्ती आवरून ठेवायच्या होत्या. आदल्या वर्षी ज्या पेंढ्यात त्या ठेवल्या होत्या त्याला वाळवी लागली होती. पोतंभर मीठ तर घरात होतंच. त्यांच्या घरात बोंबील मिठात राहतात, कैऱ्या मिठात राहतात, मिठात ठेवलेलं वर्ष काढतं. म्हणून त्यांनी पेटीत मिठाचे थर देऊन मूर्ती ठेवल्या. श्रावणात पेटी पाझरायला लागली. वरच्या थरातल्या मूर्ती तेवढ्या हाती आल्या.

“ती पोर सगळ्यांत खाली होती,” मास्तर म्हणाले. “मुद्दाम ठेवली होती, विश्रामभाऊ. भरपूर मीठ मिळावं म्हणून. लहान मुलं पहिलं तिचंच विचारतात ना.”

पेटीच्या तळाशी खारट चिखलाचा एक गोळा सुकून बसला होता. त्याला काही आकार नव्हता. मास्तरांनी विनवलं, की पुढच्या वर्षी तेवढी एक करून द्या, ती बाहुली माझ्या डोळ्यांना टोचते. तुमच्या तर हातचं काम आहे. विश्राम हो म्हणाला. मग त्यानं तो गोळा मागितला आणि धोतराच्या सोग्यात बांधून घेतला.

परतताना गोदूबाई बोलत होती. पाच वर्षांचं साठलेलं ती बोलत होती: मालन भात खाताना कशी बडबडायची, पिवळं पोलकं कसं हट्टानं मागितलं होतं. तिला दुसऱ्या खेपेला आणखी नीट बघता आलं होतं. दिवा स्टेशनच्या आसपास तिचं लक्ष सोग्याकडे गेलं.

“काय आणलंत?”

“माती.”

“आपल्याकडं काय कमी आहे?” ती म्हणाली आणि हसली. ते हसू विश्रामला सोसवलं नाही.

त्यानं तो गोळा भिजवला, गाळला, मळला. खारवलेली शाडू हाताला दाद देत नव्हती. त्यातून त्यानं बोटभर चेहरा केला. तो वाळला तेव्हा तडकला आणि त्यावर बुरशीसारखी मिठाची पांढरी पूड आली. पुसली की सकाळी पुन्हा यायची. शेवटी त्यानं तो गोळा खाडीत नेऊन सोडला. वाटेत त्याला कुणी विचारलं नाही. त्या घाटावर माती सोडताना त्याला सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी दसरा झाल्यावर तो मास्तरांच्या कामाला बसला. गोदूबाई निवडणं घेऊन त्याच्यासमोर बसली. पूर्वी ती कधी बसत नसे. गाल जरा भरा, ती सांगायची. ओठ मिटवा. भुवया कमानीच्या.

“तिचा दात पडला होता,” विश्राम एकदा म्हणाला.

“कुठला?”

त्याला सांगता आलं नाही.

“नाही हो,” ती समजुतीनं म्हणाली. “तुम्ही दुसऱ्या कुणाचं बोलताय.”

त्यानं ओठ मिटवले. मूर्ती झाल्यावर गोदूबाईनं तिच्या गालाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. या खेपेला त्यानं शाडू वापरली नव्हती. कुंभाराकडची माती आणली होती आणि मूर्ती त्याच्याच भट्टीत भाजून घेतली. आता ती मिठात ठेवा, पाण्यात ठेवा, तशीच राहणार होती.

नाताळात दोघं ठाण्याला गेले. गोदूबाई रांगेत शिरली. तुम्ही नाही येत, असं तिनं विचारलं. केलेली आहे मीच, काय बघायचं, असं म्हणून विश्राम पारावर बसला. गाडीखान्याला खिडकी नव्हती, पण कौलांखालून आवाज यायचा. धर्मशाळेचं दार झालं. गोठा झाला. मग मास्तरांचा आवाज, मागे राहिली होती, म्हणून धावत आली. एका मुलानं विचारलं, पोचली का. मास्तर म्हणाले, पोचली ना, ही काय उभी.

आतली माणसं हसली. त्यांत गोदूबाईचं हसू त्याला वेगळं ओळखू आलं. तो उठला आणि फाटकाच्या बाहेर, जिथे ते ऐकू येणार नाही तिथे, जाऊन उभा राहिला.