धाकटीची लस

चिसा जन्मली आणि घरातून होनामीचे नाव गेले. आई, वडील, शेजारची भाजीवाली, सारेच तिला 'ताई' म्हणू लागले. नावाने हाक मारली जाई ती धाकटीलाच. जपानमधल्या इमाबारीत घरोघरी हीच रीत, म्हणून तिने कधी तक्रार केली नव्हती. पण सतराव्या वर्षी, दवाखान्याच्या बाकावर बसलेली असताना, ते जुने शल्य पुन्हा ठसठसू लागले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस आज चिसा घेणार होती. होनामी तिच्या वयाची असताना आईने हा विषयच मिटवला होता. लसीनंतर मुली अंथरुणाला खिळल्याच्या बातम्या आईच्या मनातून जात नव्हत्या. पुढे मावशीवर याच रोगापायी शस्त्रक्रिया झाली आणि आईची भीती ओसरली, पण धाकटीपुरतीच. वर्गातल्या कितीतरी मुलींनी राहून गेलेली लस आता घेतली होती. होनामीने मागितली नव्हती. या रोगाचा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो; लस मागावी, तर आई विचारणार, "का गं, कुणी आहे का?"

चिसा दंड धरून बाहेर आली.

"शूर गं माझी चिसा! जाताना पुडिंग घेऊ," आई म्हणाली.

"ताईला नको हं. तिला कुठे टोचलंय?" चिसा म्हणाली.

"बरोबर. ताईनं नुसती पिशवी धरायची," होनामी म्हणाली.

"मग तूही टोचून घे की! आमच्या बाई म्हणाल्या, मोठ्या मुलींनाही मिळते."

"तिला कशाला आत्ता..." आई अडखळली.

"कशाला म्हणजे? रोग काय धाकट्यांनाच होतो?" होनामीने विचारले.

आईने मान खाली घातली. "तसं नाही गं, ताई. तुला विचारायचं म्हणजे तुझं कुणी आहे का, असंच विचारल्यासारखं झालं असतं. मलाच लाज वाटली."

एकाच प्रश्नाला दोघी दोन बाजूंनी भीत होत्या तर!

"ते विचारू नकोस. मी सांगणारही नाही," होनामी म्हणाली. "लस मात्र मला हवी."

आई उठून नावनोंदणीच्या खिडकीपाशी गेली. "अजून एका मुलीला घ्यायची आहे."

"नाव?"

"आमची ता..." आई थांबली. मग स्पष्ट म्हणाली, "होनामी. ओची होनामी."

"म्हणजे तिलाही पुडिंग?" चिसा कुरकुरली.

"मोठं," होनामी म्हणाली, "आणि त्यातलं तुला चमचाभरही नाही."