पायाळू भामाबाईची लाथ

वडूजच्या अलीकडं, माळावरच्या एका वाडीत भामाबाई नावाची बाई होती आणि तिची लाथ खायला माणसं आनंदानं यायची. हसू नका! भामाबाई पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसानं डावा पाय लावला की पाठीतली उसण पळते, असा साऱ्या मुलखाचा विश्वास. मेंढरू उचलताना कंबर धरलेला धनगर असो, नाहीतर पलटणीतनं रजेवर आलेला जवान असो, अंगणात गुमान पालथा पडायचा. कुणी कण्हलंच तर ती म्हणायची, "गप पड रं गड्या. लाथ माझी हाय, बैलाची न्हाई."

खरं नवल पुढंच आहे. पाय लावून लावून तिच्या टाचेला पाठी कळायला लागल्या होत्या. तरण्या गड्याच्या कमरेत असा खोल पन्हळ, की टाच त्यात अलगद बसायची. तोच गडी चार पोरांचा बाप होऊन आला की पन्हळ उथळ झालेला, मणके ताठरलेले. आणि म्हातारपणी? कंबर सपाट, एखाद्याची तर उलटी बाहेर आलेली, माणूस उंचीलाही घटलेला. भामाबाई थक्क व्हायची. नवऱ्याला, ज्योतिबाला विचारायची, "आवं, हाडं तर तीच. मग ती खळगी जाती कुटं?"

"मला काय इचारतीस? यमाईला इचार," तो म्हणायचा. औंधला देवीच्या दर्शनाला गेली की ती खरोखरच विचारायची.

मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मुलगा अर्जुना पलटणीबरोबर परमुलखात, आणि त्याची बायको सुला घरात दिवस भरलेली. बिचारीला माहेर नव्हतं. अशात भामाबाईचीच कंबर धरली. वाकली ती वाकलीच, वर होईना. ज्योतिबा म्हणाला, "सांगलीत एक पायाळू बाई हाय म्हनं. गाडी जुपतो."

"साऱ्या मुलखाला लाथा घातल्या, आनि आता सांगलीला जाऊन लाथ खाऊ व्हय?" भामाबाई खेकसली. "सुलाला टाकून मी कुटं बी यायची न्हाई."

सुईण धोंडुबाईनं सुलाचं पोट चाचपून सांगितलं होतं, पोराचे पाय खाली आहेत. ऐकून भामाबाईनं औंधच्या दिशेला हात जोडले. ती स्वतः तशीच जन्मली, पण तिची आई वाचली नव्हती. लोक तिच्या पायाला देवाचं देणं म्हणायचे. ते आईच्या जिवावर आलंय, हे ती एक दिवसही विसरली नव्हती. "यमाई, पायातला गुन काढून घे, पर माजी सून वाचीव," एवढंच ती म्हणत राहिली.

सकाळी कळा सुरू झाल्या. भामाबाई वाकल्या कमरेनं सुलाला मागून धरून बसली. पोटाच्या भारानं सुलाच्या कमरेचा पन्हळ कधी नव्हता इतका खोल गेला होता. आधी पाय आले, मग धड आलं आणि डोकं अडलं. धोंडुबाई ओरडली, "लाव जोर, माजे बाय!" भामाबाईनं डोळे गच्च मिटले. मग बाळाचा टाहो ऐकू आला.

"आत्ती, काय झालं?" सुलानं क्षीण आवाजात सासूला विचारलं.

"लेक झाली. आनि तू हाईस गं. तू हाईस!" भामाबाई ढसाढसा रडायला लागली.

धोंडुबाईनं पोरीला पुसलं आणि न विचारताच तिचा इवला डावा पाय भामाबाईच्या कमरेला टेकवला. "घे. सांगली घरातच आली."

भामाबाई रडता रडता हसली. पोरीला मांडीवर पालथं घेऊन तिनं कमरेवरनं हात फिरवला आणि हात तिथंच थांबला. पन्हळ नव्हताच! वाटोळी, बाहेर आलेली पाठ, हुबेहूब तिच्या स्वतःच्या पाठीसारखी. जन्मभर म्हाताऱ्यांच्या पाठी पाहिल्या, पण आत्ताच जन्मलेल्या जिवाची पाठ तिनं अशी लक्ष देऊन कधी चाचपलीच नव्हती, अर्जुनाचीसुद्धा.

"आवं," तिनं दाराबाहेरच्या ज्योतिबाला हाक मारली, "खळगी कुटं जाती ते घावलं बगा."

"कुटं?"

"ती आपली नव्हतीच. उभं ऱ्हायला उसनी दिली हुती."

मग भिंतीला धरून, जमेल तेवढी ताठ होऊन, ती नात त्याच्या हातात द्यायला उठली.