मावशींनी पास केलेल्या चादरी

इस्पितळाच्या तळघरात कपडे धुण्याची यंत्रं दिवसभर घरघरायची आणि त्यांच्या पलीकडच्या खोलीत शिलाईमावशी बसायच्या. मोठमोठे सर्जनसुद्धा त्यांना याच नावाने हाक मारायचे. मान मोठा, खोली मात्र एवढीशी. तीत शिलाई मशीन, दाबाची इस्त्री आणि एक काचेचं टेबल. काचेखाली ट्यूबलाइट. ऑपरेशनच्या वेळी रोग्यावर घालायच्या हिरव्या चादरी धुऊन आल्या की मावशी एकेक चादर या काचेवर पसरायच्या. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तिथून उजेडाचा ठिपका डोकावायचा. ठिपका दिसला की उष्णतेने चिकटणारं ठिगळ ठेवून इस्त्री दाबायची. नाही दिसला की कोपऱ्यात शिक्का, म्हणजे चादर पास. मग ती वाफेवर निर्जंतुक व्हायला जायची.

पुढे एकदाच वापरून फेकून द्यायच्या, कागदासारख्या निळ्या चादरी आल्या आणि मावशींच्या वाट्याला उशांचे अभ्रे उरले. एका गुडघ्याच्या ऑपरेशनला पिशव्याच्या पिशव्या भरायच्या आणि जाळायला जायच्या. काही चादरी तर नुसत्या उघडलेल्या, रोग्याला शिवलेल्याही नसायच्या. मावशींचा जीव तुटायचा. पण तळघरातल्या बाईला विचारतो कोण?

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई मात्र नुसतं हळहळून गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी महिनाभर त्या पिशव्या वजनकाट्यावर चढवल्या, वरच्यांचं डोकं खाल्लं आणि शेवटी एका ऑपरेशन थिएटरपुरती परवानगी पदरात पाडून घेतली. सहा महिने जुन्या हिरव्या कापडी चादरी वापरायच्या. एकही तक्रार आली नाही, तर सगळीकडे कापड. परवानगी मिळाल्या मिळाल्या बाई धावत तळघरात आल्या.

"मावशी, जुनं टेबल पुसून घ्या. आता सगळं तुमच्या नजरेवर आहे."

मावशी हसल्या खऱ्या, पण बाईंकडे न बघता टेबल पुसायला वळल्या. कारण नजरच उरली नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. तो निवृत्त बसचालक. रोज सकाळी चष्मा नाकावर चढवून वीस सुयांत दोरा ओवायचा आणि बायकोच्या डब्यासोबत पाठवायचा.

"अगं, सांगून टाक ना बाईंना," तो म्हणाला. "सकाळी जायचं, दुपारी घरी. एवढंसं तर ऑपरेशन!"

"आणि तोवर टेबलावर कुणाला बसवतील? एकदा दुसरी बसली की उठते का?"

"तुझी खुर्ची म्हणजे काय सिंहासन आहे?"

"निळ्या चादरी आल्यापासून आठ वर्षांनी कुणीतरी विचारलंय मला. सहा महिने जाऊ देत, मग बघू."

त्याने पुढची सुई उचलली.

मावशी कामाला लागल्या. पूर्वी काचेवर ठिपका लख्ख दिसायचा. आता सगळा उजेडच पसरून पांढरा व्हायचा, धुक्यातून समोरच्या गाडीचे दिवे यावेत तसा. मग त्या बोटं फिरवायच्या. तीस वर्षांची बोटं, कळतं त्यांना, असं स्वतःला बजावायच्या. बोटांना फाटलेलं कळतं हो. ऑपरेशनात चादर अडकवायच्या चिमट्याने टोचलेलं बारीक भोक कसं कळणार? हेही मावशींना पक्कं माहीत होतं, आणि तरी त्या शिक्का मारत होत्या. त्यांच्यावर राग येतो, पण पुरता धरवत नाही.

तीन महिने सुरळीत गेले. बाई दर आठवड्याला येऊन किती पिशव्या वाचल्या ते सांगायच्या, मावशी मान डोलवायच्या.

चौथ्या महिन्यात, पोटाचं ऑपरेशन चालू असताना, हातात हत्यारं देणाऱ्या सिस्टरला चादरीवर ओल चढताना दिसली. खाली मोहरीएवढं भोक. चादर बदलली, भोकातून जंतू गेले असतील म्हणून रोग्याला चार दिवस जास्तीची औषधं दिली, तो धडधाकट घरी गेला. पण बोभाटा व्हायचा तो झालाच. बैठक बसली. मावशींनाही बोलावलं. त्या दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसल्या.

"तपासणी झाली होती ना?" इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी विचारलं.

"झाली होती, साहेब," मावशी म्हणाल्या. त्या पुढेही बोलणार होत्या. खरंच बोलणार होत्या.

तेवढ्यात डॉक्टरबाई तावातावाने उठल्या. "मावशींवर कुणी बोट दाखवू नका. तीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक भोक सुटलेलं नाही."

साहेबांनी मान हलवली. "मग प्रश्नच मिटला. तपासणी चोख आणि तरीही भोक, म्हणजे दोष कापडाचा. ऑपरेशनच्या मधेच विरतं. भरवसा नाही."

बाई मावशींना वाचवायला गेल्या आणि कापड बुडालं. एवढं कौतुक ऐकल्यावर मावशी कोणत्या तोंडाने सांगणार? त्या तशाच उठून तळघरात गेल्या. प्रयोग बंद झाला.

आता टेबलाचं कामच उरलं नव्हतं, मग डोळ्यांचं लपवायचं कशासाठी? महिन्याभरात मावशींनी डोळ्यांचं ऑपरेशन उरकून घेतलं. परतल्या तेव्हा हिरव्या चादरींचा ढीग कोपऱ्यात तसाच होता, फाडून फडकी करायचा हुकूम त्यावर ठेवलेला. मावशींनी दिवा लावला आणि वरची चादर काचेवर पसरली. ठिपका. जरा डावीकडे आणखी दोन. दुसऱ्या चादरीत एक. तिसरी स्वच्छ, चौथीत चार. कोपऱ्यात शिक्का त्यांचाच. या चादरींखाली माणसं झोपली होती.

त्या जिना चढून डॉक्टरबाईंकडे गेल्या आणि दारातच सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खुर्चीत मागे टेकल्या.

"निळ्या चादरींचा पाच वर्षांचा करार झालाय, मावशी. आता माझं कुणी ऐकणार नाही."

"आणि मी तेव्हाच बोलले असते तर?"

"तर दोन आठवडे त्या टेबलावर दुसरं कुणीतरी बसलं असतं. मग पुन्हा तुम्ही. एवढंच झालं असतं."

मावशी खाली आल्या. हुकूम हुकूमच होता. त्यांनी पहिली चादर उचलली, काठाला कात्रीचा चिरा दिला आणि दोन्ही हातांनी ओढली. ती फाटेना. कापड अजून चांगलं मजबूत होतं.